मंजुरी एकदा, पैसा दरवर्षी: अंतराळ मोहिमांच्या निधीचे राजकारण

खान्देशात अंतराळ संशोधनावर कुठे व्याख्यान झाले, की प्रश्नोत्तरांच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो: ‘‘चांदवर जावाले पैसा शे, मंग आमना धरनले काबर नही?’’ अमळनेर तालुक्यात पाडळसरे येथे तापी नदीवर उभ्या राहत असलेल्या निम्न तापी प्रकल्पाची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रश्न खोडसाळ वाटणार नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेले ते काम पाव शतक उलटून गेले तरी पूर्णत्वाला गेलेले नाही. वक्ते या प्रश्नाला बहुधा विज्ञानाचे महत्त्व सांगून उत्तर देतात, आणि विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, कारण त्याने विज्ञानाबद्दल काही विचारलेलेच नसते. सरकारी पैसा कोण मंजूर करते, मंजूर झालेला पैसा प्रत्यक्षात कधी मिळतो आणि पंधरा-वीस वर्षे चालणाऱ्या कामाला तो दरवर्षी मिळत राहावा यासाठी कोणते राजकीय बळ लागते, हा त्याचा खरा प्रश्न असतो.

आधी आकडे पाहू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपये धरला होता आणि त्यात अंतराळ विभागाच्या वाट्याला १३,४१६ कोटी रुपये होते. म्हणजे केंद्र सरकारच्या शंभर रुपयांमागे सव्वीस-सत्तावीस पैसे. शिवाय सिंचन हा प्रामुख्याने राज्याचा विषय असल्यामुळे धरणाचा पैसा मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून येतो. उद्या चांद्रयान रद्द केले, तर वाचलेली रक्कम आपोआप तापीकाठी पोहोचेल अशी कोणतीही वाट नाही. मात्र एवढे सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मोठ्या सिंचन प्रकल्पांना केंद्रही अर्थसाहाय्य देते, आणि अशा वेळी कशाला आधी व कशाला नंतर हे ठरवणारे सरकार एकच असते. प्राधान्याचा प्रश्न त्यामुळे उरतोच.

आता गाभ्याचा मुद्दा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सोळा दिवसांच्या अंतराने दोन निर्णय घेतले. २ सप्टेंबरला मनमाड-इंदूर या धुळ्यावरून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मान्यता मिळाली. खर्च १८,०३६ कोटी रुपये. १८ सप्टेंबरला अंतराळाशी संबंधित चार प्रस्ताव एकाच दिवशी संमत झाले: चांद्रयान-४ साठी २,१०४ कोटी, शुक्राभोवती फिरणाऱ्या यानासाठी १,२३६ कोटी, नव्या पिढीच्या प्रक्षेपकासाठी ८,२४० कोटी, आणि गगनयान कार्यक्रमाचा विस्तार करून त्यात भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग समाविष्ट करण्यासाठी ११,१७० कोटींची वाढ. बेरीज २२,७५० कोटी. पुढे जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याच्या तिसऱ्या प्रक्षेपण तळासाठी ३,९८५ कोटींच्या खर्चालाही मान्यता मिळाली. वृत्तपत्रांत मथळे आले ते या आकड्यांचे, आणि वाचणाऱ्याचा समज असा झाला की एवढा पैसा त्या दिवशी त्या कामांच्या नावे बाजूला काढून ठेवला गेला.

तसे होत नाही. मंत्रिमंडळाची मान्यता म्हणजे एवढ्या खर्चापर्यंत हे काम हाती घेण्यास हरकत नाही, असा निर्णय. पैसा त्यातून निघत नाही. राज्यघटनेच्या ११२ ते ११४ या अनुच्छेदांनुसार सरकारला दरवर्षी जमाखर्चाचे अंदाजपत्रक संसदेपुढे ठेवावे लागते, लोकसभेकडून खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या संमत करून घ्याव्या लागतात आणि विनियोजन कायदा झाल्यावरच संचित निधीतून रुपया काढता येतो. ही परवानगी एका आर्थिक वर्षापुरती असते. ३१ मार्चपर्यंत जे खर्ची पडले नाही ते व्यपगत होते आणि पुढच्या वर्षी सारा डाव नव्याने मांडावा लागतो. आठ वर्षांचा प्रक्षेपक असो की पाच वर्षांचा रेल्वेमार्ग, कागदावर तो दरवर्षी एकदा संपतो आणि पुन्हा सुरू होतो.

अंदाजपत्रकाच्या दस्तऐवजात प्रत्येक खात्यापुढे काही स्तंभ असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचाच सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. फेब्रुवारीत दूरचित्रवाणीवर झळकतो तो शेवटचा स्तंभ. खरी गोष्ट बहुतेक वेळा सुधारित अंदाजाच्या स्तंभात सापडते. अंतराळ विभागाला २०२०-२१ साठी १३,४७९ कोटी रुपये देऊ केले होते. सुधारित अंदाजात ते ९,५०० कोटींवर आले. तो कोरोनाचा काळ होता, हे मान्य. परंतु २०२२-२३ मध्येही १३,७०० कोटींचे सुमारे १०,५३० कोटी झाले. यात नेहमी कुणाचा डाव असतो असे नाही. उपकरणे परदेशातून वेळेवर येत नाहीत, चाचणी लांबली की त्या टप्प्याचे देयक निघत नाही, आणि अर्थ मंत्रालयाचा दंडक असा आहे की शेवटच्या तिमाहीत एकूण तरतुदीच्या ३३ टक्क्यांहून अधिक व एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून अधिक खर्च करू नये. पंचायत समितीपासून मंत्रालयापर्यंत ‘मार्च एण्ड’ची जी घाई आपण पाहतो, तिला आवर घालण्यासाठी केलेला हा नियम आहे. पण यानाचे सुटे भाग आर्थिक वर्षाचे वेळापत्रक पाहून तयार होत नाहीत. जुलैत यायचे उपकरण फेब्रुवारीत आले, तर त्याचा पैसा असूनही देता येत नाही आणि पुढच्या वर्षीच्या तरतुदीवर त्याचा बोजा पडतो.

येथे पाडळसरेची आठवण अपरिहार्य आहे. पाटबंधारे खात्यात ‘सुप्रमा’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो. सुधारित प्रशासकीय मान्यतेचे ते लघुरूप. धरणाला वर्षाकाठी मिळणारी रक्कम जेव्हा सिमेंट, लोखंड आणि भूसंपादन यांच्या भाववाढीपेक्षा कमी पडते, तेव्हा काम पुढे सरकूनही उरलेला खर्च कमी होत नाही, उलट वाढतो, आणि काही वर्षांनी नवी सुप्रमा घ्यावी लागते. अंतराळ कार्यक्रमात ही झळ आणखी तीव्र असते. प्रशिक्षित अभियंते, चाचणीची तळठाणी, निर्जंतुक जुळणी कक्ष, इंधनाची व्यवस्था हे सारे यान उडो वा न उडो, चालू ठेवावेच लागते. वर्षाला मिळायचे त्याच्या निम्मेच मिळाले म्हणून खर्च निम्मा होत नाही. काम दुप्पट काळ चालते आणि स्थायी खर्चही तेवढाच काळ भरावा लागतो. म्हणून ‘रद्द करण्याऐवजी थोडे थोडे देत राहू’ हा राजकीयदृष्ट्या सर्वांत सोयीचा निर्णय बहुधा सर्वांत महाग ठरतो. गगनयानाला डिसेंबर २०१८ मध्ये ९,०२३ कोटींची मान्यता होती आणि आता कार्यक्रमाचा एकूण आकडा २०,१९३ कोटींवर गेला आहे. न्यायाने सांगायचे तर ही सारी वाढ दिरंगाईची नाही, कारण मोहिमांची संख्या आठवर नेली गेली आणि स्थानकाचे काम त्यात आले. मात्र १५ ऑगस्ट २०१८ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून २०२२ पर्यंत भारतीय अंतराळवीर पाठवण्याचे जाहीर केले होते, आणि २०२५ संपेपर्यंत पहिले मानवरहित उड्डाणही झालेले नव्हते, हेही तितकेच खरे.

लाल किल्ल्याचा उल्लेख आला तो सहज नाही. दीर्घ मोहिमांचे राजकारण हे घोषणा कोण करतो आणि फळ कोण पाहतो याचे राजकारण आहे. चांद्रयान-१ ची घोषणा अटलबिहारी वाजपेयींनी १५ ऑगस्ट २००३ रोजी केली आणि यान उडाले २२ ऑक्टोबर २००८ रोजी, मनमोहन सिंग पंतप्रधान असताना. चांद्रयान-२ ला सिंग सरकारने सप्टेंबर २००८ मध्ये मान्यता दिली. त्याचे उड्डाण जुलै २०१९ मध्ये, मोदी सरकारच्या दुसऱ्या कार्यकाळात झाले. मधल्या काळात रशियाने द्यायचे अवतरक (चंद्रावर उतरणारे) यान मिळाले नाही आणि ते भारतातच घडवावे लागले. मंगळयानाची घोषणा १५ ऑगस्ट २०१२ ची, उड्डाण ५ नोव्हेंबर २०१३ चे, आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत पोहोचले तेव्हा दिल्लीतील सरकार बदललेले होते. आपल्याकडे पूर्वसुरींची योजना बासनात गुंडाळण्याची रीत असताना या मोहिमा सत्तांतरातून सुखरूप पार पडल्या, ही गोष्ट साधी नाही.

त्यामागे तीन कारणे मला दिसतात. पहिले, रकमा लहान होत्या: मंगळयान ४५० कोटींचे, चांद्रयान-३ सुमारे ६१५ कोटींचे. एवढ्या रकमेसाठी कोणी अर्थमंत्र्याशी भांडत बसत नाही. दुसरे, १९७२ मध्ये अंतराळ आयोग व अंतराळ विभाग स्थापन झाल्यापासून हे खाते पंतप्रधानांच्या थेट अखत्यारीत राहिले आहे, त्यामुळे त्याची बाजू मांडायला मंत्रिमंडळात दुसऱ्या कुणाची मनधरणी करावी लागत नाही. तिसरे कारण सर्वांत जुने. विक्रम साराभाईंनी सुरुवातीपासून या कार्यक्रमाचे समर्थन सामान्य माणसाच्या उपयोगावर उभे केले: दळणवळण, हवामान, शेती. रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला वादळाची पूर्वसूचना हवी असते आणि कृषी खात्याला कापसाखालील क्षेत्राचा अंदाज हवा असतो. उपग्रह ही माहिती देतो, म्हणून उपग्रहाचा पैसा मागणारे खाते अंतराळ विभागाच्या बाहेरही असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डीएस या हवामान उपग्रहाचा खर्च तर संपूर्णपणे भूविज्ञान मंत्रालयाने उचलला. ज्या कामाचा ग्राहक दुसऱ्या खात्यात बसलेला आहे, त्या कामाला कात्री लावणे अवघड असते.

लोकसभेत या साऱ्याची चर्चा होते का? फारशी नाही. अनुदानाच्या मागण्यांपैकी मोजक्याच सभागृहात चर्चेला येतात आणि उरलेल्या अखेरच्या दिवशी एकगठ्ठा मताला टाकल्या जातात. संसदेची स्थायी समिती अंतराळ विभागाची छाननी करते, पण तिचे अहवाल वाचतो कोण!

अमेरिकेत नेमके उलटे आहे. तेथे अध्यक्ष प्रस्ताव मांडतो, पण पैशाची किल्ली काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, हातात असते, आणि कार्यक्रमाला अधिकृत मान्यता देणारा कायदा व प्रत्यक्ष पैसा देणारा कायदा हे दोन वेगळे असतात. मे १९६१ मध्ये केनेडींनी चंद्राचे उद्दिष्ट जाहीर केले तेव्हा सोव्हिएत संघाशी स्पर्धेचा ज्वर होता. १९६६ मध्ये नासाचा वाटा संघराज्याच्या खर्चाच्या सुमारे ४.४ टक्क्यांवर गेला. आज तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की उतरण कशामुळे लागली याचे उत्तर अपयशात सापडत नाही. माणूस चंद्रावर उतरण्याआधीच, व्हिएतनाम युद्ध आणि देशांतर्गत सामाजिक योजनांचा भार वाढताच निधी आटू लागला, १९६८ मध्ये सॅटर्न-५ या महाकाय अग्निबाणाचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय झाला, आणि १९७० मध्ये अपोलोच्या शेवटच्या तीन मोहिमा रद्द झाल्या. शर्यत जिंकली आणि शर्यतीसाठी उभा केलेला पैसा संपला.

त्यापासून नासाने जो धडा घेतला तो मला या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकार वाटतो. रेगन यांनी १९८४ मध्ये अंतराळ स्थानकाची घोषणा केली. जून १९९३ मध्ये ते रद्द करण्याचा प्रस्ताव प्रतिनिधीगृहात मताला आला आणि २१५ विरुद्ध २१६ अशा अवघ्या एका मताने फेटाळला गेला. त्याच वर्षी टेक्सासमध्ये चाललेला महाकाय कणत्वरक (सूक्ष्म कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणारे यंत्र) प्रकल्प मात्र काँग्रेसने बंद केला. तोवर त्यावर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले होते आणि तेवीस किलोमीटरच्या आसपास बोगदा खणून झाला होता. एक वाचला आणि दुसरा बुडाला, याचे कारण दोहोंच्या वैज्ञानिक गुणवत्तेत शोधू नये. स्थानकाची कंत्राटे अनेक राज्यांत पसरलेली होती, युरोप, जपान आणि कॅनडा त्यात भागीदार होते, आणि १९९३ च्या अखेरीस रशियालाही सामील करून घेतल्यावर तो परराष्ट्र धोरणाचा भाग झाला. रद्द करायचे तर मित्रांना तोंड काय दाखवायचे, हा प्रश्न उभा राहिला. कणत्वरकाचे काम एका राज्यात एकवटले होते, परदेशी भागीदारांचे भरीव पाठबळ त्याला मिळाले नव्हते, आणि त्याचा खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक झाला होता.

पुढे याच युक्तीचा अतिरेक झाला. धाकट्या बुश यांनी २००४ मध्ये सुरू केलेला चंद्रावर परतण्याचा कार्यक्रम ओबामांनी २०१० मध्ये रद्द करण्याचे ठरवले, तेव्हा अलाबामा, युटा, लुईझियाना, टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांतील रोजगार धोक्यात येताच सिनेटने पुढाकार घेऊन कायद्यातच नव्या अग्निबाणाची सक्ती केली, तीही शक्यतो जुन्या स्पेस शटलची यंत्रसामग्री आणि कंत्राटे वापरण्याच्या अटीसह. तोच एसएलएस. कायद्याने त्याला २०१६ अखेरची मुदत दिली होती; तो प्रथम उडाला नोव्हेंबर २०२२ मध्ये. नासाच्या महानिरीक्षकांनी सुरुवातीच्या प्रत्येक उड्डाणाचा खर्च सुमारे ४.१ अब्ज डॉलर असल्याचे सांगितले. २०२५ मध्ये व्हाइट हाउसने नासाचा निधी एका वर्षात जवळपास चोवीस टक्क्यांनी घटवण्याचा आणि हा अग्निबाण आर्टेमिस-३ या चंद्रमोहिमेनंतर थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसने दुसऱ्या एका कायद्यात सुमारे १० अब्ज डॉलर घालून त्यात एसएलएसच्या पुढच्या उड्डाणांची तजवीज केली. मतदारसंघांत पसरलेले काम टिकते हे खरे, पण जे टिकते ते स्वस्त वा उत्तम असेलच असे नाही.

युरोपने यावर आपली वेगळी तोड काढली आहे. युरोपीय अंतराळ संस्थेचे सदस्य देश साधारण दर तीन वर्षांनी मंत्रिस्तरीय बैठकीत पुढच्या काही वर्षांचा पैसा एकदम कबूल करतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रेमेन येथे ही रक्कम २२.१ अब्ज युरोवर गेली. विज्ञान कार्यक्रमाची वर्गणी सर्वांना आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात सक्तीची, इतर कार्यक्रमांत ज्याला हवे त्याने पडावे, आणि जो देश जितका पैसा देईल साधारण तितक्याच किमतीचे काम त्याच्या उद्योगांना मिळावे, असा तेथील नियम आहे. स्थैर्य आहे, मात्र एका अग्निबाणाचे भाग किती देशांत बनवायचे हे कधी कधी अभियंत्यांऐवजी वर्गणीच्या हिशोबावर ठरते. चीनने २१ सप्टेंबर १९९२ रोजी मानवी अंतराळ कार्यक्रमाचा तीन टप्प्यांचा आराखडा संमत केला आणि २०२२ मध्ये तिआनगोंग स्थानक पूर्ण केले. तीस वर्षे एकच आराखडा चालला. हे उदाहरण आपल्याकडे फार कौतुकाने दिले जाते. ज्या व्यवस्थेत खर्च विचारणाराच कोणी नाही तिच्या सातत्याचा हेवा करावा असे मला वाटत नाही.

भारताची जुनी ढाल आता पुरेल का, ही शंका मला येथेच येते. लहान रक्कम, पंतप्रधानांचे छत्र आणि शेती-हवामानाचा उपयोग या तीन आधारांपैकी पहिला निसटू लागला आहे. २०३५ पर्यंत पूर्ण अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर, ही सरकारने ठरवलेली उद्दिष्टे आहेत, आणि ती सध्याच्या वर्षाला तेरा-साडेतेरा हजार कोटींच्या चाकोरीत बसणारी नाहीत. तिसरा आधारही या कामांना लागू पडत नाही: स्थानकाचा ग्राहक म्हणून कृषी मंत्रालय पुढे येणार नाही. उरतो तो पंतप्रधानांचा पाठिंबा, आणि तो व्यक्तीगणिक बदलू शकतो. अंतराळ क्षेत्रासाठी सर्वंकष कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे आला, पण २०२५ संपेपर्यंत कायदा झालेला नव्हता. २०२३ चे अंतराळ धोरण आहे, परंतु धोरण मंत्रिमंडळाच्या एका ठरावाने बदलता येते. परदेशांशी करार हा एक टणक आधार असतो. जुलै २०२५ मध्ये उडालेला निसार उपग्रह नासाबरोबरच्या २०१४ च्या करारातून आला आणि अमेरिकेतील सत्तांतरांतून तरला. स्थानकाच्या बाबतीत मात्र स्वदेशी असणे हाच आपला अभिमानाचा विषय आहे, त्यामुळे हा आधार आपण होऊन दूर ठेवला आहे.

म्हणून माझे मत असे की अंतराळ विभागाने आणि त्याहून अधिक संसदेने आता मोहिमागणिक मान्यता देण्याऐवजी पाच वा सात वर्षांचा निधी-आराखडा जाहीरपणे मांडावा, दरवर्षी मान्य खर्चापैकी किती प्रत्यक्ष मिळाले आणि किती मुदत लांबली हे एका तक्त्यात द्यावे, आणि अंतराळ विभागाच्या अनुदानाच्या मागणीवर सभागृहात खुली चर्चा घ्यावी. चर्चेत कात्री लागण्याची भीती असते, हे मान्य. परंतु ज्या खर्चाचे समर्थन पाडळसरेच्या शेतकऱ्यापुढे उभे राहून कधी करावेच लागलेले नाही, तो खर्च मोठा झाल्यावर एखाद्या वाईट वर्षात मुकाट्याने कापला जाण्याची शक्यता अधिक.

त्याची कसोटी लागायला फार वाट पाहावी लागणार नाही. अंतराळ स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये पाठवायचा आहे. मनमाड-इंदूर मार्ग २०२८-२९ पर्यंत पूर्ण करायचा आहे. आणि लोकसभेची पुढची सार्वत्रिक निवडणूक २०२९ च्या उन्हाळ्यात अपेक्षित आहे. दोन्ही कामांचे सर्वांत मोठे हप्ते त्यामुळे निवडणुकीआधीच्या दोन-तीन अर्थसंकल्पांत एकाच वेळी मागितले जातील. त्या वर्षांत अर्थसंकल्पाचा दस्तऐवज उघडून अंतराळ विभागासमोरचा आणि रेल्वेच्या नव्या मार्गांसमोरचा सुधारित अंदाजाचा स्तंभ शेजारी शेजारी ठेवून पाहावा. दोन्ही अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.